गुलाबी निघालेली मॉली

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या एका ऑफिसात, यतीन मुलमुले नावाचा गृहस्थ मीटिंगमध्ये बसल्या बसल्या घाबरला. मीटिंगमध्ये घाबरण्यासारखं काही नव्हतं. तिथे धड कोणी जागंसुद्धा नव्हतं. टेबलाखाली धरलेल्या फोनवर पार्सिपनीहून कादंबरी नावाच्या एका बागवालीने एका फुलाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "यतीनदादा, फायनली! सहा वर्षं! पण ही अशीच असते का?"

फूल सुरेख होतं. वाटीसारखं, एकेरी पाकळ्यांचं, मधोमध केसरांचा झुबका. फक्त ते गुलाबी होतं, आणि असायला हवं होतं पिवळं.

यतीनने फोटो मोठा केला, लहान केला, फोन तिरका धरला. मग त्याने विचारलं, "तुझ्या कॅमेऱ्यात काही प्रॉब्लेम आहे का?" कादंबरी आयटीतली, पुराव्याशिवाय बोलायची नाही. तिने त्याच फुलाशेजारी एक केळं धरून दुसरा फोटो पाठवला. केळं पिवळंधमक दिसत होतं. यतीनला दरदरून घाम फुटला.

एका फुलाच्या रंगावरून पंचावन्न वर्षांच्या माणसाला घाम का फुटावा, हे कळायला जरा मागे जावं लागेल.

यतीन मूळचा नागपूरचा, पेशाने डेटाबेसवाला. लाखो ग्राहकांच्या नोंदींत एकाचं नाव दुसऱ्याला चिकटू द्यायचं नाही, हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि ते तो वीस-बावीस वर्षं चोख करत आला आहे. ऑफिसबाहेर मात्र गडी कायमचा गोंधळलेला. गॅरेजमध्ये आपण कशाला आलो, हे त्याला गॅरेजमध्ये पोचल्यावर आठवत नाही. मुलीच्या मैत्रिणींना तो दहा वर्षं एकमेकींच्या नावाने हाक मारतो आहे. बायको हिमानी म्हणते, याचा सगळा नीटनेटकेपणा कंपनीने विकत घेतलाय, घरी फक्त खोकं येतं.

२०११ साली त्याच्या पहिल्या घरापासून दोन घरं पलीकडे अर्लीन लिंडग्रेन नावाच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई राहत होत्या. त्यांच्या अंगणात पिवळ्या रानपिओनीचं एक झुडूप होतं. दुकानात मिळतात त्या कोबीएवढ्या गड्ड्याच्या पिओनी माणसांनी घडवलेल्या असतात. ही डोंगरातली, जशी उगवते तशी. हिचं शास्त्रीय नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून बागवाले हिला नुसतं मॉली म्हणतात. अर्लीनबाईंच्या नवऱ्याने, वॉल्टरने, तरुणपणी ती बी पेरून वाढवली होती. वॉल्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मॉली दर मेमध्ये फुलत होती.

यतीन एकदा कुंपणाशी थबकून त्या फुलांकडे बघत राहिला. अर्लीनबाईंनी ते लक्षात ठेवलं आणि ऑगस्टमध्ये त्याच्या हातावर सात काळे मणी ठेवले. पिओनीची शेंग पिकून फुटली की आत लाल आणि काळं असं दोन्ही दिसतं. लाल ते पोकळ, काळं ते खरं बी. "पेर आणि विसर," बाई म्हणाल्या.

विसरणं ही यतीनची जन्मजात कला. पण नेमकं तेच त्याला जमलं नाही. पुढच्या मेमध्ये काहीच उगवलं नाही, तेव्हा हा पठ्ठ्या चहाचा चमचा घेऊन वाफा उकरत बसला. बिया जिवंत होत्या. प्रत्येकीला पांढरं मूळ फुटलं होतं आणि ते निमूटपणे खाली चाललं होतं. वर यायचा कुणाचाच विचार दिसत नव्हता. यतीनला वाटलं, आपण उलटं पेरलं. त्याने सगळ्या बिया काढून सुलट्या लावल्या. त्यात तीन गेल्या.

"ही आधी मूळ धरते," अर्लीनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पहिलं वर्ष खाली, दुसरं वर्ष वर. तुम्हा लोकांना इतकी घाई का असते?" तुम्हा लोकांना म्हणजे भारतीयांना, कॉम्प्युटरवाल्यांना की पुरुषांना, हे यतीनला त्या दिवशी कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

दुसऱ्या वर्षी पानं आली. सशांनी आणि थंडीने आपापला वाटा घेतल्यावर एक रोप उरलं, आणि २०१७च्या मेमध्ये, पेरल्यापासून सहाव्या वर्षी, त्याला एक फूल आलं. ताकावर नुकत्याच जमलेल्या लोण्याचा रंग. यतीनने त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली. कारण विचारलं तेव्हा त्याने 'फॅमिली' असं लिहिलं, आणि त्यात त्याला खोटं काही वाटलं नाही.

पुढच्याच वर्षी अर्लीनबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलाने त्यांना वृद्धनिवासात ठेवलं. घर विकलं गेलं. नव्या मालकांनी आठवड्याभरात अंगण सपाट करून हिरवळ अंथरली. मॉली काढून आणायची म्हणून यतीन कुदळ घेऊन गेला तेव्हा तिथे गवताच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या. वॉल्टरच्या मॉलीचा वंश आता फक्त यतीनच्या वाफ्यात उरला होता. "तुमची मॉली मी सांभाळतो," असं तो बाईंना म्हणाला. म्हणाला आणि अडकला.

सांभाळायचं म्हणजे बी वाटायचं. एकाच अंगणातलं झाड कधी जाईल नेम नसतो. दहा अंगणांत असलं तर कुठेतरी राहतं. यतीन 'मातीत हात' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. अमेरिकेतले दीडशे मराठी बागवाले, बहुतेकांचा जीव कढीपत्त्यात. हिवाळ्यात कढीपत्त्याच्या कुंड्या आजारी माणसासारख्या घरात घेऊन त्यांची वास्तपुस्त करणारी ही मंडळी दर सप्टेंबरात एकमेकांना बियांची पाकिटं पाठवत. नियम एकच: पाकिटावर खरं लिहायचं. बी दोन प्रकारचं, 'हातचं' आणि 'माश्यांचं'. फूल उमलायच्या आधी कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधायची, उमललं की त्याच झाडाचा पराग ब्रशने लावायचा, परत पिशवी बांधायची, ते हातचं. आईवर गेलेलं, शुद्ध. मोकळ्या फुलावर मधमाश्या कुठला पराग आणतील त्याचा भरवसा नसतो, ते माश्यांचं. दोन्ही चालतं, पण माश्यांचं हातचं म्हणून देणं ग्रुपवर पाप समजलं जाई.

२०१९च्या मेमध्ये मॉलीला सहा कळ्या आल्या. यतीनने दोन कळ्यांना पिशव्या बांधल्या, कारण शेजारच्याच वाफ्यात त्याने हौसेने एक गुलाबी रानपिओनी आणून लावली होती. रविवारी फुलं उमलली, त्याने पराग लावला, पिशव्या पुन्हा बांधल्या. त्या आठवड्यात त्याला झाडावर फुलं कमी झाल्यासारखी वाटली. हरणांनी खाल्ली असतील म्हणावं, तर पिओनीला हरीण तोंड लावत नाही असं सगळे सांगतात. तो थोडा वेळ गोंधळला आणि ऑफिसला गेला. गुरुवारी पाऊस झाला, पाकळ्या गळून गेल्या. पिशव्या दोन होत्या, दोन्ही जागच्या जागी दिसत होत्या.

ऑगस्टमध्ये पिशव्यांतल्या शेंगांतून सत्तावीस काळ्या बिया निघाल्या. तेवीस त्याने सहा जणांना पाठवल्या, पाकिटांवर झोकात लिहिलं: मॉली, पिवळी, हातचं. चार स्वतःसाठी कुंडीत पेरल्या. वर्षभरात त्यांनी मोठं घर घेतलं. ताबा जूनमध्ये मिळाला, म्हणजे पिओनी हलवायला सगळ्यांत वाईट महिना, आणि मॉली नव्या घरी येऊन पंधरा दिवसांत सडली. चार बियांची कुंडी हलवाहलवीत कुठे गेली, हे अजून कळलेलं नाही. यतीनने अर्लीनबाईंना जाऊन सगळं सांगितलं. "पण तेवीस बिया बाहेर आहेत," तो म्हणाला. "पहिली फुलली की तिचं बी आणून तुमच्या खिडकीखाली लावतो. शब्द देतो." तेव्हापासून दर मेमध्ये बाई विचारत, "फुलली का?"

आता फुलली होती, आणि गुलाबी होती.

शनिवारी डब्लिनहून, म्हणजे ओहायोतल्या, राजेशचा फोन आला. "यार यतीन, मस्त फूल आलंय, पण हे पिंक आहे. तू पॅकेट्स मिक्स केलीस का?" पाठोपाठ सिअॅटलहून मोनाचा फोटो आला, तिचं फूल ना धड पिवळं ना धड गुलाबी, आंबलेल्या स्ट्रॉबेरी दह्यासारखं. बाकीच्या तिघांची रोपं केव्हाच मेली होती. ग्रुपवर कोणीतरी अगदी गोड शब्दांत लिहिलं, "हातचं म्हणून दिलं होतं ना? नाही, सहज विचारलं."

ते 'सहज' यतीनच्या जिव्हारी लागलं. तो तपासाला लागला. आधी त्याचा संशय अर्लीनबाईंच्या मूळ बियांवर गेला, पण त्याचं स्वतःचं झाड तर पिवळं फुललं होतं. मग कादंबरीवर गेला. पण कादंबरी, राजेश आणि मोना तिघं तीन राज्यांत बसून एकच चूक कशी करतील? मग स्वतःवर गेला, आणि इथे पुरावा भरपूर होता. त्याने सहा वर्षांपूर्वीचे फोटो काढले, एक्सेल शीट काढलं, तारखा जुळवल्या. सगळं बरोबर होतं. सगळं बरोबर असून उत्तर चुकतंय, हे त्याच्या ऑफिसातल्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"बाबा, मेबी द हनीबीज गॉट इनसाइड द बॅग," कॉलेजातून सुट्टीला आलेली आन्या म्हणाली.

"अगं, दोरा बांधला होता मी. घट्ट."

"देन इट्स अ मिस्टरी. लेट इट गो."

"लेट गो कसं करू? अर्लीनला काय सांगू?"

हिमानी भाजी चिरत होती. "खरं ते सांग," ती म्हणाली. यतीनला तिचा रागच आला. खरं काय ते माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

रविवारी सकाळी नऊला नेहमीप्रमाणे नागपूरला व्हिडिओ कॉल झाला. यतीनचे वडील, अण्णा, आता ब्याऐंशीचे. बी धरलं त्या २०१९च्या मेमध्ये ते सहा आठवडे इथेच होते. यतीनची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बोलता बोलता आन्याने गंमत म्हणून आजोबांना तो गुलाबी फोटो दाखवला. "आजोबा, धिस इज बाबाज बिग ट्रॅजेडी."

अण्णांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हे ते नव्हे," ते म्हणाले. "यतीनकडचं पिवळं होतं. मी तीन दिवस वाहिलं ना देवाला."

यतीनने चहाचा कप खाली ठेवला. "काय केलं तुम्ही?"

"अरे, हिमानीने सांगितलं होतं, इथे लोकांच्या अंगणातली फुलं तोडत नाहीत. मग म्हटलं, आपल्याच घरची घ्यावी. तू तर दोन फुलांना छान पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. माशीने उष्टं करू नये म्हणून. मला फार कौतुक वाटलं, बोललो नाही तेव्हा. सोमवारी एक खुडलं, मंगळवारी एक, बुधवारी एक. आणि दर वेळी रिकामी झालेली पिशवी पुढच्या फुलाला बांधून ठेवली, उद्यासाठी. मग पाऊस आला."

आन्या खुदकन हसली आणि बापाचं तोंड पाहून गप्प झाली.

सगळा हिशेब एका क्षणात जुळला. यतीनने हाताने पराग लावलेली दोन्ही फुलं देवघरात गेली होती. त्यांच्या पिशव्या अण्णांनी अशा फुलांना बांधल्या होत्या, ज्यांच्यावर शेजारच्या गुलाबी झाडावरच्या माश्या दोन-तीन दिवस यथेच्छ लोळून गेल्या होत्या. त्याच पिशव्यांतलं बी त्याने 'हातचं' म्हणून देशभर वाटलं होतं.

"चुकलं का रे काही?" अण्णांनी विचारलं.

"नंतर बोलतो," म्हणून यतीनने फोन आन्याकडे दिला आणि तो मागच्या दाराने बाहेर गेला. त्याला भयंकर राग आला होता, पण तो कोणावर काढायचा हेच समजेना. शेवटी आत येऊन त्याने तो हिमानीवर काढून पाहिला. "तुला देवघरात पिवळी फुलं दिसली नाहीत?"

"दिसली ना," हिमानी म्हणाली. "मला वाटलं तूच दिलीस त्यांना. मला तर बरं वाटलं होतं."



दुपारी तो वृद्धनिवासात गेला. अर्लीनबाई एक्याण्णव वर्षांच्या, खिडकीशी खुर्चीत. त्याला पाहताच म्हणाल्या, "फुलली का?" यतीनने सगळं सांगितलं, पिशवीपासून देवापर्यंत. त्याच्या मनात कुठेतरी अशी आशा होती की बाई हसतील, म्हणतील, काय गोड गोष्ट आहे. एवढं सांगून झालं की अमेरिकन माणसं बहुधा तसं म्हणतात.

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे पिवळी आता कुठेच नाही," त्या म्हणाल्या.

"बाजारात बी मिळतं. मी दुसरीकडून मागवतो..."

"ती वॉल्टरची नसणार." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. रागावल्या नव्हत्या, फक्त खूप दमल्यासारख्या दिसत होत्या. यतीन जेवणाची घंटा होईपर्यंत तिथेच बसून राहिला. त्यांचा हात हातात घ्यावा की घेऊ नये, हेही त्याला ठरवता आलं नाही. अखेर त्याने घेतला, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

घरी येऊन त्याने ग्रुपवर लिहायला घेतलं. आधी लिहिलं, 'माझ्या वडिलांच्या गैरसमजामुळे...' ते वाचलं आणि त्याला ते पटेना. वाक्य तर खरं होतं. पण त्या मेमधली एक गोष्ट त्याला राहून राहून आठवत होती. मॉलीची प्रत्येक कळी कधी वाढली, कधी फुगली, पिशवी कुठल्या कापडाची, दोरा कुठला, हे सगळं त्याने रोज संध्याकाळी दीडशे लोकांना फोटोंसकट लिहून कळवलं होतं. त्याच वेळी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णा बसलेले असत, दिवसभर एकटे राहून, हा फोन खाली कधी ठेवतो त्याची वाट बघत. त्यांना त्याने पिशवी कशासाठी ते सांगितलं नव्हतं. खरं तर काहीच सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत.

त्याने सगळं पुसून पुन्हा लिहिलं: 'ती पाकिटं हातची नव्हती, माश्यांची होती. चूक माझी. पिशवी कशाला बांधली ते मी घरातल्या माणसाला सांगितलं नाही. झाडांवरची नावं बदला. माफ करा.' राजेशने अंगठा पाठवला. कादंबरीने लिहिलं, "दादा, मी हिला ठेवून घेतेय हं." सहज विचारणाऱ्याने काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी त्याने नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. रविवार नसताना फोन आला म्हणून अण्णा दचकले. "काय रे, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. तुम्हाला एक सांगायचं होतं, वेळ आहे ना?"

"मला काय, वेळच वेळ."

यतीनने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सात बिया, चहाचा चमचा, वर्षभर खाली जाणारं मूळ, वॉल्टर, गवताच्या गुंडाळ्या. हातचं म्हणजे काय, माश्यांचं म्हणजे काय. मध्ये अण्णांनी दोनदा प्रश्न विचारले, आणि दोन्ही इतके नेमके होते की यतीन चकित झाला. पिशवीपर्यंत आला तेव्हा त्याने बोलणं जरा सावरून घेतलं. तुमची चूक नाही अण्णा, असं तो तीनदा म्हणाला.

 

"हे तेव्हा सांगायचंस ना रे," अण्णा म्हणाले. "मी झाडापाशी खुर्ची टाकून बसलो असतो दिवसभर. एक माशी फिरकू दिली नसती. मला तिथे दुसरं काम काय होतं?"